लाल टिकलीचा डबा

प्रोसेसर चांगला की वाईट हे आजकाल कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि माझं पोट नेमकं ते सांगण्यावर चालतं.

पूर्वी बरं होतं. दोन प्रोसेसर घ्यायचे, दोघांना एकच काम लावायचं आणि घड्याळ घेऊन बसायचं. ज्याचं आधी आटोपेल, जो कमी तापेल, तो चांगला. मग किंमत बघून सांगून टाकायचं, घ्या किंवा नका घेऊ. इचलकरंजीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न होऊन आले तेव्हा मी गल्ल्यावर बसायला म्हणून दुकानात जायला लागले आणि बंद पडलेली मशीन उघडता उघडता शिकले. पुढे मराठीतून परीक्षणांचे व्हिडिओ करायला लागले. कॅमेरा माझा नवरा उमाकांत धरायचा. धरायचा म्हणजे मागून टोमणे मारायचा. "जयमालाबाई, पंखा किती फिरतो ते सांगा, पदर किती फिरतो ते दिसतंय." निम्मे लोक माझ्यासाठी बघायचे, निम्मे त्या मागच्या आवाजासाठी.

मग मुरणारे प्रोसेसर आले.

जुन्या प्रोसेसरमध्ये विजेच्या वाटा कारखान्यात आखल्या जायच्या आणि शेवटपर्यंत तशाच राहायच्या. नव्यात त्या वाटांच्या प्रत्येक चौकात एका पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातून जितकी जास्त वेळा वीज जाईल तितका त्याचा अडथळा कमी होतो, आणि वीज बंद केली तरी तो ते विसरत नाही. गवतातून माणसं चालून चालून पायवाट पडते, तसं. हिशेब करायची जागा आणि लक्षात ठेवायची जागा एकच झाली, त्यामुळं आतली ने-आण संपली आणि नखाएवढा तुकडा घड्याळाच्या सेलवर चालायला लागला. तुम्ही जे काम रोज करता त्याची वाट रुळते, मग प्रोसेसर तुमच्या अर्ध्या खुणेवरून पुढचं ओळखतो. मात्र वाटा कायम बदलत राहिल्या तर शिकलेलं पुसलं जातं, म्हणून काही आठवड्यांनी त्याला आतून कुलूप घालावं लागतं. एकदा मुरला की मुरला, तो पुन्हा कच्चा होत नाही.

आता याचं परीक्षण कसं करायचं सांगा. मी वापरला तर तो माझ्यासारखा होणार, तुम्ही वापरला तर तुमच्यासारखा. त्यात कंपन्या हुशार. परीक्षकाला पाठवायचा नमुना त्याच परीक्षकाच्या जुन्या व्हिडिओंवर आधीच मुरवून पाठवतात. पुण्याच्या एकानं भारावून लिहिलं होतं, "हा तर माझ्या मनातलं ओळखतो." ओळखेल नाही तर काय करेल बिचारा.

यावर मी माझा उपाय काढला, संक्रांतीचं हळदी-कुंकू. नमुने घ्यायचेच नाहीत. बाजारातून आपले आपण विकत आणायचे, डब्यांवरचं कंपनीचं नाव खरवडायचं आणि वर नुसती एक टिकली चिकटवायची. यंदा लाल टिकली एका कंपनीची होती, हिरवी दुसरीची. कंपन्यांची नावं इथं देत नाही. त्यांचे वकील त्यांच्या प्रोसेसरपेक्षा चपळ आहेत. गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला आल्या की तिळगूळ हातावर ठेवून प्रत्येकीला वाण म्हणून एकेक डबा द्यायचा. फोनशेजारी तो ठेवला की निरोप, ऑर्डरी, हिशेब सगळं त्यातून जातं. कुणी खाणावळ चालवते, कुणी शिकवण्या घेते, कुणी सुताचा व्यवहार बघते. माझी छाप कुठंच नाही. होळीच्या सुमारास घरोघर फिरून विचारायचं, कसा आहे? लोक याला हळदी-कुंकू चाचणी म्हणायला लागले होते आणि मला त्याची थोडी घमेंडही होती.

यंदा सगळीकडून एकच उत्तर आलं. छान आहे. लाल छान, हिरवाही छान. मग मी आपलं जुनं घड्याळ काढलं. लाल टिकली कितीतरी पुढं होती. बाई दोन शब्द टाइप करते न करते तोवर त्याचा निरोप तयार. महाग होता, पण मी लिहिलं की पैसे वसूल आहेत. कंपनीनं ते वाक्य जाहिरातीत लावलं.

आणि मग तोच प्रोसेसर आमच्या घरात गळ्याशी आला.

आदल्या वर्षी उमाकांतच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. माणूस वाचला, स्वरयंत्र गेलं. तेव्हापासून तो पाटीवर लिहायचा, खरोखरच्या शाळेच्या पाटीवर. फोनवर टाइप करायला तयार नव्हता, लिहायचा की पाटीवर लिहून पुसण्यात टोमणा मारल्याचं समाधान मिळतं. वाणी-उपचार करणाऱ्या नसीमा मुजावर मॅडमनी त्याच्यासाठी गळपट्टी मागवली. आवाज न काढता तोंड हलवलं तरी गळ्याचे नि जबड्याचे स्नायू हलतात. पट्टी ती हालचाल टिपते, आतला प्रोसेसर तिचे शब्द करतो आणि माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलतो. आवाजाला नमुना हवा होता, तो माझ्या व्हिडिओंमधून निघाला. म्हणजे सगळे टोमणेच.

"लाल आणि हिरवा, दोन्ही या पट्टीत बसतात," मॅडम म्हणाल्या. "कच्चे असेपर्यंत दोन्ही लावून बघा. कुलूप मात्र एकालाच. आणि फार लांबवू नका. बोलायचे स्नायू रिकामे बसले की सवय सोडतात, मग कुठलीच पट्टी कामाची नाही."

उमाकांतनं पाटीवर लिहिलं, "परीक्षक घरात असताना मी कशाला डोकं चालवू?"

आम्ही लाल लावला. मला तरी तेव्हा कुठला प्रश्न पडला होता!

पहिल्या सकाळी मी चहा पुढं केला आणि वळले, तोच मागून आवाज आला, "जयू, चहा छान झालाय." इतक्या महिन्यांनी. मी ओट्याकडं तोंड करून बराच वेळ भांडी विसळत राहिले, घासलेलीच.

दूधवाल्यानं दूध उशिरा आणलं. "काही हरकत नाही," उमाकांत म्हणाला. मी केस कापून आले. "छान दिसतेस." पुतण्याचा फोन आला, पुन्हा पैसे बुडवून बसला होता. "काळजी करू नकोस, होईल सगळं नीट." मी म्हटलं, आजारपणानं माणूस मवाळ होतो. चांगलंच आहे की. वीस-बावीस वर्षं ज्या जिभेला वैतागले ती एकदाची गोड झाली होती.

तरी मला स्वस्थ बसवेना. वरणाला फोडणी देताना ड्रॉवर उघडायचे, मिटायचे, काय शोधतेय ते आठवायचं नाही. काहीतरी घासत होतं, चपलेत बारीक खडा गेल्यासारखं, आणि चप्पल काढून बघितली की आत काही नाही. घरात बोलणं वाढलं होतं आणि मी पूर्वीपेक्षा कमी हसत होते, एवढं कळत होतं.

चैत्रातल्या एका सकाळी अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शेजारच्याच घरात राहतात, ब्लाउज शिवतात. हातात उप्पीटाचा डबा. अक्कांचं उप्पीट हा आमच्या घरातला जुना विषय. उमाकांतनं त्याला आजवर गिलावा म्हटलंय, खळ म्हटलंय, एकदा त्यानं वाटी उलटी धरून "वहिनी, पडत नाही बघा, पेटंट घ्या" म्हटलंय. त्यावर अक्का त्याला आणखी वाढायच्या आणि तो शेवटच्या कणापर्यंत खायचा. माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवसांतही हे चुकलं नव्हतं.

"खा भावजी," अक्का म्हणाल्या, "आणि मग हाणा काय हाणायचं ते. गळा आलाय म्हणं तुमचा."

त्यानं घास घेतला. "वहिनी, उप्पीट फार छान झालंय. तुम्ही किती कष्ट घेता."

अक्कांच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्या त्याच्याकडं बघत होत्या, मग माझ्याकडं. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात आल्या. मी मागोमाग गेले.

"जयमाला, आत कोण बोलतंय?"

"असं काय अक्का, उमाकांतच."

"ह्यो भावजी न्हवं." त्यांनी पदरानं तोंड टिपलं. "माझ्या उप्पीटाला तो माणूस मरताना सुद्धा छान म्हणायचा न्हाई. तू नवऱ्याला अरे-तुरे करतेस, तुला वळख न्हाई व्हय त्याची?"

खडा सापडला होता.

"अक्का, तुम्हालाही संक्रांतीला लाल टिकलीच दिली होती ना? तुमच्या डब्यानं असलं कधी केलं?"

"केलं की. रोजच करतोय. कापड कमी पडतंय, हुणार न्हाई, असं सांगायला गेले बाईला, तर त्यानं आधीच धाडलं, करून देते ताई. मग काय, घातलं पदरचं कापड. शब्द गेला न्हवं माझ्या नावानं."

"मग मी होळीला विचारायला आले तेव्हा छान आहे म्हणालात."

अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शाळेत नापास झालेय.

"वाण होतं ते, जयमाला. वाणाला नावं ठेवतं व्हय कोण?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले. कंपनीचं नाव खरवडलं, टिकल्या लावल्या, माझी छाप पुसली, सगळं केलं, आणि ज्या हातानं डबा दिला त्याच हातानं बायकांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. सवाष्णीनं ओटीत घातलेल्या वस्तूबद्दल या गल्लीत कोण वाईट बोलेल? माझी चाचणी म्हणजे नुसती चांगुलपणाची बेरीज होती.

त्याच दुपारी मी पुन्हा घरोघर फिरले. या वेळी आपला डबा कसा आहे असं विचारलंच नाही. प्रत्येकीला विचारलं, "शेजारणीचा कसा चाललाय?"

अक्षरशः धरण फुटलं. खाणावळवालीला पलीकडच्या शिकवणीवालीचं सगळं ठाऊक होतं. लाल टिकलीनं एका पालकाला "मुलगा हुशार आहे" असं परस्पर कळवलं होतं, आणि तो मुलगा तीन विषयांत गटांगळ्या खात होता. शिकवणीवालीनं खाणावळवालीचं सांगितलं. लाल टिकली गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही, त्यामुळं बाई रोज वाढीव ताटं करतेय. हिरव्या टिकलीबद्दलही ऐकलं. "शुंभ आहे मेला. बसून राहतो. मधेच विचारतो, हेच म्हणायचंय का? सुताचा भाव सांगायला इतका वेळ लावतो की समोरचा फोन ठेवतो." पण हिरव्यानं कुणाच्या तोंडी परकं वाक्य घातलेलं एकही उदाहरण मिळालं नाही, आणि शेजारणींनी काही सोडलं असेल असं मला वाटत नाही.

घरी येऊन दोन्ही उघडून बघितले तेव्हा कारण दिसलं. कुठलाही कच्चा प्रोसेसर अगदी कोरा नसतो. कारखाना त्यात लोकांची नेहमीची वाक्यं थोडी रुळवून पाठवतो. हिरवा स्नायूंची हालचाल पुरी होईपर्यंत थांबतो, शंका आली तर विचारतो. लाल थांबत नाही. जी वाट सगळ्यात रुळलेली, तिच्यावरून पुढं पळतो, आणि जगात सगळ्यात रुळलेलं वाक्य "छान आहे" हेच असणार. माणसानं लगेच अडवलं नाही की तो समजतो, बरोबर होतं. त्या वाटेवर आणखी एक पाऊल पडतं. आपल्याच अंदाजावरून तो स्वतःलाच शिकवत राहतो. माझ्या घड्याळानं त्यालाच वेग म्हटलं होतं.

मी उमाकांतसमोर जाऊन बसले.

"उमाकांत, हे तूच बोलतोस का?"

"हो, मीच बोलतोय," आवाज आला. त्याचे ओठ त्यानंतर हलले.

मी हात पुढं करून गळपट्टी काढली आणि पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं खडू उचलला.

"निम्मं माझं. निम्मं त्याचं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"वेळेवर येतं." पुसलं. "पाटी लिहीपर्यंत लोक केविलवाणं तोंड करून बघतात. दूधवालासुद्धा." पुसलं. "लाल असू दे. माझं काय अडलंय?"

"माझं अडलंय," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं, "गळा कुणाचा आहे?"

मी ते लाल टिकलीचं परीक्षण मागं घेतलं, का घेतलं तेही लिहिलं, लोकांनी मनसोक्त झोडपलं. ते सोपं होतं. परीक्षण माझं होतं. गळा त्याचा होता.

"आठवडाभर हिरवा लाव," शेवटी मी म्हटलं. "मग तू म्हणशील तो."

हिरव्याचा आठवडा वाईट गेला. उमाकांत तोंड हलवायचा, पट्टीवरचा दिवा लुकलुकायचा, मग बारीक थरथर व्हायची, म्हणजे पुन्हा म्हणा. पुन्हा म्हणेपर्यंत समोरच्याचं लक्ष उडायचं, किंवा त्याहून वाईट, समोरचा डोळ्यांत पाणी आणून मान हलवायचा. मीही तेच करायचे. वाक्य अर्ध्यावर लोंबकळलं की माझ्या जिभेवर पुढचे शब्द यायचे आणि कितीदा ते बाहेरही पडले. लाल टिकलीला नावं ठेवणारी मी, आणि मलाही थांबवत नव्हतं. दोन दिवसांत तो दारात यायचा बंद झाला. चौथ्या दिवशी पट्टी खुंटीला आणि पाटी हातात. मी मनातल्या मनात हरले होते. लाल लावेल आणि उरलेलं आयुष्य मी एका अत्यंत सभ्य माणसाबरोबर काढेन. हाक मारली की लगेच ओ येईल.

कुलपाच्या दिवशी अक्काही आमच्याबरोबर निघाल्या. "दवाखान्यात उपाशी बसवतात," म्हणून डबा घेतला. कशाचा ते विचारायची गरज नव्हती.

मुजावर मॅडमनी शेवटची तपासणी म्हणून हिरवा चढवला. बाहेरच्या बाकांवर आणखी माणसं होती, काहींच्या गळ्याला पट्ट्या, काहींच्या हातात पाट्या. अक्कांनी डबा उघडून त्याच्या पुढ्यात सरकवला. त्यानं घास घेतला, चावला, गिळला. तोंड हललं. दिवा लुकलुकायला लागला.

सगळे थांबले. बाकावरच्या बाईनं ते ओळखीचं, कनवाळू तोंड केलं. मॅडमचं पेन टेबलावर टकटक करायला लागलं. पट्टी थरथरली, पुन्हा म्हणा. उमाकांतची मान खाली जायला लागली, माझा हात त्याच्या खांद्याकडं निघाला आणि जिभेवर शब्द आले, असू दे, राहू दे.

"काय वो भावजी," अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "येवढा येळ? उप्पीटाला नावं ठेवायला पंचांग बघताय व्हय? बोला लवकर, माझं दळण गिरणीत पडलंय."

त्याची मान वर आली. मी माझा हात मांडीखाली दाबून ठेवला.

"तोंड नुसतं माशागत हलवतंय," अक्का बाकावरच्या बाईला सांगायला लागल्या. "आधी ह्या माणसाला गप कसं करायचं ह्याचं औषध शोधत हुतो आम्ही. आता मिळालंय तर मॅडम काढायला बसल्यात."

त्या बाईचं कनवाळू तोंड कुठल्या कुठं गेलं. ती फिसकन हसली. उमाकांतनं अक्कांकडं डोळे बारीक करून बघितलं, ते माझ्या ओळखीचं बघणं होतं, कॅमेऱ्यामागचं. त्यानं चमचा खाली ठेवला, जबडा नीट हलवला, एकेक शब्द, पहिल्यापासून. दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला.

"वहिनी," आवाज आला. मग पुन्हा शांतता. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि एक शब्दही मदत केली नाही. "गिरणीवाल्याला सांगा. यात. रवा टाकायला विसरलात. सिमेंटच आलंय."

"खा गप," अक्का म्हणाल्या, आणि त्याच्या पुढ्यात आणखी वाढलं.

मुजावर मॅडमनी घसा खाकरला. "ठीक. मग कुठल्याला कुलूप घालू? लाल की हिरवा?"

माझा हात अजून मांडीखालीच होता. मला फार बोलायचं होतं. उमाकांत माझ्याकडं बघत होता आणि त्याचं तोंड हलत होतं. दिवा लुकलुकत होता, आणि आम्ही तिघी थांबलो होतो.

"हिरवा," तो म्हणाला. "लाल नको. त्याला वहिनींचं उप्पीट आवडतं."